ट्रॉली दुरुस्त झाली, ढकलणाऱ्याचे काय?

रुळांवरून धावणाऱ्या वाहनांत सर्वांत हलके, सर्वांत स्वस्त आणि रेल्वेच्या इतिहासात सर्वांत कमी ओळी मिळालेले वाहन म्हणजे ट्रॉली. चार चाके, फळ्यांचा एक चौथरा, त्यावर बाक, साहेबांच्या डोक्यावर छत्री आणि दोन्ही दिशांनी दिसेल असा लाल बावटा. मागे दोन माणसे रुळावर तोल सावरीत धावतात. ट्रॉलीने वेग घेतला की उडी मारून वर बसतात आणि वेग ओसरला की पुन्हा उतरून ढकलू लागतात. गाडी येण्याची वेळ झाली की साहेब खाली उतरतात आणि ट्रॉलीमन ती ट्रॉली उचलून रुळाबाहेर ठेवतात. ज्या वाहनावर लाल बावटा लावणे नियमानेच बंधनकारक आहे, त्या वाहनावर एकाने बसावे आणि बाकीच्यांनी त्याला ढकलावे, ही विसंगती शतकभराहून अधिक काळ कुणाच्याही डोळ्यांत खुपलेली नाही.

अलीकडे या वाहनाला बरे दिवस आल्याचा भास होतो. ‘वारसा’ हा शब्द प्रशासनाच्या तोंडी बसल्यापासून जुनी ट्रॉली कुठे स्थानकासमोर, कुठे कार्यालयाच्या हिरवळीवर, कुठे संग्रहालयात चौथऱ्यावर चढलेली दिसते. तिला तेलरंग लागतो, चाकांना काळी झिलई येते, भोवती साखळी बांधली जाते. ज्या वाहनाने रूळ तपासले ते आता स्वतःच पाहण्याची वस्तू झाले. या जीर्णोद्धारात खर्च होतो, उद्घाटन होते, छायाचित्रे निघतात. मात्र हे वाहन कोणाच्या श्रमाचे साधन होते, ते आजही कोणाच्या उपयोगी पडू शकेल आणि त्यावाचून कोणाचे अडते आहे, हे तीन प्रश्न त्या साखळीबाहेरच राहतात.

हे प्रश्न क्षुल्लक नाहीत. नॅरोगेज मार्गासाठी देखभालीचे वाहन रूपांतरित करणे आणि त्याचा जीर्णोद्धार करणे हा विषय वरवर पाहता हौशी मंडळींचा वाटतो. वस्तुतः सार्वजनिक मालमत्ता कशी सांभाळावी, कुशल कामगाराचे ज्ञान कुणाच्या हाती राहावे आणि यंत्र प्रथम कुणाच्या पाठीवरचे ओझे उतरवील, या तिन्ही वादांची गाठ त्या चार चाकांच्या चौथऱ्यावर पडते.

माप बदलणे म्हणजे काय?

मोटार-ट्रॉलीचा इतिहास सांगताना इंग्लंडमधील हार्टफर्डशर परगण्यातल्या वेअर या गावचा उल्लेख करावाच लागतो. तेथील विकॅम कंपनीने देखभालीच्या लहान मोटार-ट्रॉल्या बांधून देशोदेशींच्या रेल्वेंना पुरविल्या. यंत्र साधे, रचना अशी की खेड्यातल्या कारागिरालाही खोलून पुन्हा जोडता यावी. लोहमार्गाची टोळी, तिची पहार-फावडी, फिशप्लेटी आणि जेवणाचे डबे कामाच्या जागी पोहोचविणे, एवढेच तिचे काम. पुढे ब्रिटनमध्ये शेकडो शाखामार्ग बंद झाले, देखभालीच्या पद्धती बदलल्या आणि या ट्रॉल्या भंगारात निघाल्या. त्यांतील काही स्वयंसेवकांनी चालविलेल्या लहान मार्गांकडे गेल्या आणि अरुंद मापाला बसवून पुन्हा कामाला लागल्या.

‘अरुंद मापाला बसवणे’ हे शब्द उच्चारायला सोपे आहेत. भारतीय ब्रॉडगेजच्या दोन रुळांतील अंतर १,६७६ मिलिमीटर. नेरळ-माथेरान मार्गाचे ६१०. म्हणजे चाकांमधील अंतर तब्बल १,०६६ मिलिमीटरने कमी करावयाचे. आस मधोमध कापून पुन्हा सांधला की झाले, असे ज्याला वाटते त्याने कारखान्याचा उंबरठा ओलांडलेला नसतो. असा सांधलेला आस वळणावळणावर पीळ खाऊन थकतो आणि नेमका नको तेथे तुटतो. नवा आस लेथवर कातावा लागतो, त्यावर चाके दाबयंत्राने बसवावी लागतात आणि दोन चाकांच्या आतील अंगांमधले अंतर परिघावर कोठेही मोजले तरी एकसारखे भरावे लागते.

पण आस हा प्रारंभ होय. वाहनाचा तोल ज्या पायावर सांभाळला जातो, तो मध्यापासून रुळापर्यंतचा पाया ८३८ मिलिमीटरवरून ३०५ वर येतो. वरचा सांगाडा तसाच रुंद ठेवला, बाकावरची माणसे एका अंगाला सरकली, की वळणावर तीच ट्रॉली कलंडावयास सिद्ध होते. म्हणून सांगाडा अरुंद करावा लागतो, एंजिन आणि इंधनाची टाकी खाली घ्यावी लागते, बाकाची उंची छाटावी लागते. पुढच्या आणि मागच्या आसांमधील अंतर लांब राहिले तर डोंगरातल्या अवघड वळणांत चाके रुळाला घासत, अडकत चालतात. म्हणून तेही कमी करावे लागते.

सर्वांत शेवटी आणि सर्वांत महत्त्वाचा येतो ब्रेक. माथेरानच्या मार्गावर २० फुटांत १ फूट असा चढ आहे. ट्रॉली, माणसे आणि हत्यारे मिळून १ टन वजन धरले, तर ते नुसते उतारावर रोखून धरण्यास ५० किलोग्रॅम भाराइतके बळ सतत लागते. ब्रेक सुटला आणि घर्षणाचा अडथळा सोडून दिला, तर १०० मीटर घरंगळेपर्यंत हा वेग ताशी ३५ किलोमीटरपर्यंत जातो. सपाट मैदानातील ब्रॉडगेजवर एका हातब्रेकावर निभावून गेलेली ट्रॉली या घाटात तशीच उतरविणे म्हणजे तीवर बसणाऱ्यांच्या मरणाची तजवीज करणे. येथे एकमेकांवर अवलंबून नसलेले दोन ब्रेक हवेत. पैकी एक असा, की चालकाचा हात सुटला तरी तो आपणहून लागावा.

आणखी एक गोष्ट. ज्या मार्गावर गाडीची चाहूल विजेच्या मंडलाने सिग्नलला कळते, तेथे ट्रॉलीची चाके विद्युत्‌रोधक केलेली असतात. कारण उघड आहे: ट्रॉलीमुळे सिग्नलने गोंधळू नये. पण त्याचा दुसरा अर्थ असा, की सिग्नलच्या लेखी ती ट्रॉली आणि तीवरील माणसे रुळावर नसतातच! त्यांच्या जिवाची हमी स्टेशनमास्तरच्या वहीतील नोंद, ब्लॉक आणि पाळीव शिस्त यांवरच असते. देखभालीच्या वाहनाचा विचार म्हणूनच माणसाच्या विचारापासून तोडता येत नाही.

हे सारे ज्ञान कुठल्या पुस्तकात एकत्र सापडत नाही. ते कातारी, लोहार, फिटर, खलाशी आणि लोहमार्गाचा मुकादम यांच्या हातांत आणि नजरेत असते. सांगाडा उभा राहिल्यावर मुकादम एकदा खाली वाकून पाहतो आणि म्हणतो, ‘डावीकडे बसली आहे.’ मोजपट्टी नंतर तेच सांगते. जीर्णोद्धाराच्या कोनशिलेवर मात्र या मंडळींपैकी कुणाचेही नाव कोरलेले नसते.

बार्शी ते माथेरान

नॅरोगेज ही महाराष्ट्राला परकी गोष्ट नव्हे. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याची बार्शी लाइट रेल्वे १८९७ साली सुरू झाली, तीही आजच्या कुर्डुवाडीपासून. त्याचा हिशेब स्वच्छ होता. कोणत्याही आसावर ५ टनांपेक्षा अधिक भार पडू द्यावयाचा नाही. म्हणजे रूळ हलके चालतात, पूल लहान चालतात आणि गरीब मुलखालाही रेल्वे परवडते. ७६२ मिलिमीटर मापाचा हा मार्ग पुढे पंढरपूर, लातूर आणि १९२७ साली मिरजेपर्यंत पोहोचला. १९५४ मध्ये तो सरकारी मालकीचा झाला. पंढरीच्या वारकऱ्यांच्या कित्येक पिढ्या त्या गाडीतून वारीला गेल्या. कुर्डुवाडीच्या कारखान्याने नॅरोगेजची विद्या सांभाळली आणि माथेरानच्या गाडीची मोठी दुरुस्तीही पुढे तेथेच होत आली.

विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर या दोन दिशांना जाणारी ‘शकुंतला’ किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने कापसासाठी बांधविली. देश स्वतंत्र झाला, रेल्वेचे राष्ट्रीयीकरण झाले, तरी तो मार्ग कंपनीच्याच मालकीचा राहिला. गाड्या सार्वजनिक रेल्वेने चालवाव्या, मालकी मात्र खाजगी, असा हा विलक्षण संसार! अशा मालकीत रुळाची काळजी कोण घेणार? मालकाला मोबदल्याशी काम, चालविणाऱ्याला मालमत्ता आपली नाही ही सबब. रूळ झिजत गेले, वेग उतरत गेला आणि अखेर गाडीच थांबली. खानदेशातील पाचोरा-जामनेर गाडी २०२० साली टाळेबंदीत थांबली ती पुन्हा सुटलीच नाही. नागपूर-नागभीड मार्ग २०१९ मध्ये ब्रॉडगेजसाठी बंद झाला. आज महाराष्ट्रात प्रवासी घेऊन धावणारी नॅरोगेज म्हणजे नेरळ-माथेरान एवढीच उरली आहे.

येथे गैरसमज नको. १९९२ पासून रेल्वेने ‘एकच माप’ हे धोरण धरले, त्यामागे सर्वसामान्य माणसाची रास्त मागणी होती. जंक्शनवर पोत्यांची चढउतार हमालाच्या पाठीवरून व्हावी, व्यापाऱ्याने तिचा खर्च शेतकऱ्याच्या भावातून कापावा आणि प्रवाशाने मध्यरात्री फलाट बदलावा, याला वारसा म्हणून कवटाळण्याचे कारण नाही. लातूर आणि पंढरपूरच्या माणसाला मुंबईची थेट गाडी मिळाली हे योग्यच झाले. आक्षेप आहे तो निराळ्याच गोष्टीवर. माप बदलताना एंजिने संग्रहालयात गेली, रूळ भंगारात गेले, आणि त्या मार्गांवर आयुष्य घातलेल्या माणसांच्या हातांतली विद्या कुठे गेली याची नोंद कुणीही ठेवली नाही. नागपूरला मोतीबागेत २००२ साली नॅरोगेजचे संग्रहालय झाले, ते असावेच. पण संग्रहालय म्हणजे स्मृतीची कोठी. जो मार्ग अजून जिवंत आहे त्याला कोठी पुरत नाही. त्याला टोळी लागते, आणि टोळीला वाहन लागते.

याचा पुरावा माथेरानच्या मार्गानेच दिला आहे. जुलै २००५ च्या पुराने तो उद्ध्वस्त केला; गाडी पुन्हा सुरू होण्यास मार्च २००७ उजाडले. मे २०१६ मध्ये आठवड्याभरात दोनदा डबे घसरले आणि गाडी बंद झाली. संपूर्ण मार्ग २०१८ च्या प्रारंभी खुला झाला. २०१९ च्या पावसाने पुन्हा रूळ वाहून गेले, ते ऑक्टोबर २०२२ मध्ये पूर्ववत झाले. म्हणजे १९०७ साली आदमजी पीरभाय कुटुंबाच्या भांडवलातून आणि असंख्य अनाम मजुरांच्या घामातून उभा राहिलेला हा मार्ग एकविसाव्या शतकात वर्षानुवर्षे बंद राहिला. पर्यटकांसाठी काचेचे डबे आणि नवी रंगसंगती यांची चर्चा तेवढ्यात चालूच होती. दरड कोसळणे माणसाच्या हाती नाही हे खरे. परंतु गटार तुंबले आहे, खडी सरकली आहे, भिंत फुगली आहे हे दरडीच्या आधी पाहणे माणसाच्याच हाती असते. ते पाहणारा माणूस पावसात सुमारे साडेसातशे मीटरांचा चढ पहार खांद्यावर घेऊन चढतो. त्याच्या हाताशी घाटाजोगे सिद्ध केलेले देखभालीचे वाहन असणे ही चैन नव्हे. तो मार्गाच्या आयुष्याचा विमा आहे.

न झालेल्या अपघाताचे उद्घाटन

देखभालीचे अर्थशास्त्र विचित्र आहे. नवा मार्ग बांधला की त्याचे किलोमीटर मोजता येतात, फीत कापता येते. देखभालीचे उत्पादन म्हणजे न झालेला अपघात. त्याचे छायाचित्र निघत नाही आणि उद्घाटनही करता येत नाही. म्हणून ज्या राज्यव्यवस्थेला दिखाऊपणाची चटक लागते, ती भांडवली खर्चाची घोषणा करते आणि घसाऱ्याची तरतूद गिळते. रेल्वेच्या घसारा निधीत पुरेसा पैसा टाकला जात नाही, हे नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी पुनःपुन्हा सांगितले आहे. घसारा न काढता दाखविलेला नफा म्हणजे घराचे वासे विकून केलेला सण.

२०१७-१८ मध्ये सुरक्षिततेसाठी एक लाख कोटींचा ‘राष्ट्रीय रेल संरक्षा कोष’ जाहीर झाला. त्यातील पैशाचा विनियोग महालेखापरीक्षकांनी रूळघसरणीवरील आपल्या २०२२ च्या अहवालात तपासला, तेव्हा सुरक्षिततेशी संबंध नसलेल्या खर्चांच्या यादीत भांडीकुंडी, फर्निचर आणि पाय चेपण्याची यंत्रे आढळली. पाय चेपण्याची यंत्रे! रुळावरून धावून ज्याच्या पायांना घट्टे पडले त्या ट्रॉलीमनच्या पायांसाठी ती घेतली असतील, असा भाबडा समज कुणी करून घेऊ नये.

दुसऱ्या बाजूचा हिशेब डॉ. अनिल काकोडकर यांच्या अध्यक्षतेखालील सुरक्षा समितीने २०१२ साली मांडला. २००७-०८ पासून ऑक्टोबर २०११ पर्यंत कामावर असताना मेलेल्या रेल्वे कर्मचाऱ्यांची संख्या सुमारे १,६०० आणि जखमींची सुमारे ८,७०० होती. रोज सरासरी जवळजवळ एक मृत्यू! त्यांत रुळावर वाकून काम करीत असता मागून आलेल्या गाडीने उडविलेले गँगमनही होते. एवढी माणसे एखाद्या प्रवासी गाडीच्या अपघातात मेली असती तर मंत्र्याचा राजीनामा मागितला गेला असता. एकेकटा मरतो त्याच्यासाठी स्टेशनमास्तरच्या वहीत एक ओळ आणि घरच्यांसाठी अनुकंपेच्या नोकरीचा अर्ज.

आणि या माणसांचा उपयोग प्रशासन कशासाठी करीत आले? २०१७ मध्ये रेल्वे मंडळाने १९८१ पासूनचा साहेबी शिष्टाचार रद्द केला, तेव्हा सुमारे ३०,००० ट्रॅकमन वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या घरी राबत असल्याचे वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले. रुळाची राखण करणारा माणूस साहेबांच्या बागेला पाणी घालत होता! जिथे माणूस इतका स्वस्त, तिथे ट्रॉलीला एंजिन बसविण्याची गरज कुणाला वाटेल? ढकल-ट्रॉली टिकून राहिली ती परंपरेच्या प्रेमामुळे खास नव्हे. माणसाच्या श्वासाची किंमत पेट्रोलपेक्षा कमी धरली गेली, हेच तिच्या दीर्घायुष्याचे रहस्य.

तीन आक्षेप

रूपांतराच्या या मागणीवर तीन दिशांनी आक्षेप येतात. त्यांतील दोन प्रामाणिक आहेत, म्हणून त्यांना उत्तर देणे अगत्याचे आहे.

पहिला आक्षेप शुद्धतावाद्यांचा. जुन्या वाहनाचे माप बदलले की त्याचे मूळ रूप नष्ट होते, तो वारसा राहत नाही, असे ते म्हणतात. वस्तूचे मूळ रूप म्हणजे काय? कामाचे हत्यार जन्मभर बदलतच असते. पहारीचे टोक झिजते आणि लोहार ते पुन्हा ठोकून लांबवितो. म्हणून ती पहार खोटी ठरत नाही. प्रत्येक प्रकारची एकेक ट्रॉली अस्पर्श ठेवावी, तिची मोजमापे नोंदवावी, छायाचित्रे ठेवावी. उरलेल्यांना कामाला लावावे. ब्रिटनमधील टॅलिलिन मार्गाचे उदाहरण बोलके आहे. स्लेटच्या खाणीसाठी बांधलेला हा वेल्समधील मार्ग खाण बंद पडल्यावर मरणपंथाला लागला होता. १९५१ साली स्वयंसेवकांनी तो चालवावयास घेतला. जवळच्या कॉरिस मार्गाचे माप नेमके तेच असल्याने तेथील दोन एंजिने त्यांना मिळाली आणि उपयोगी पडली. मात्र खरी लढाई गवतात बुडालेल्या आणि झिजलेल्या रुळांशी होती. रूळ सावरले म्हणून मार्ग वाचला. रुळाकडे पाठ फिरवून एंजिनाची आरती करणाऱ्यांनी हा धडा विसरू नये.

दुसरा आक्षेप चळवळीतल्याच काही मित्रांचा. हा सारा फुरसत असलेल्या वर्गाचा छंद आहे, भुकेच्या देशात जुन्या ट्रॉल्यांचे कौतुक कशाला, असे ते विचारतात. छंदापुरते त्यांचे म्हणणे खरे आहे. ब्रिटनमधील स्वयंसेवक निवृत्तिवेतन आणि सुट्टीचे दिवस गाठीशी असलेला माणूस असतो. भारतात तो कित्ता गिरवू पाहिल्यास त्याची परिणती बिनपगारी किंवा कंत्राटी राबवणुकीत होईल. परंतु यावरून जुने यंत्र टाकून द्यावे, असे सिद्ध होत नाही. सार्वजनिक पैशातून घेतलेल्या मोटार-ट्रॉलीचा सांगाडा मजबूत असताना ती लिलावात भंगारवाल्याच्या पदरात टाकायची आणि मग तेच काम बाहेरच्या कंत्राटदाराच्या यंत्राला भाड्याने द्यायचे, यात कोणता समाजवाद आहे? डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला तो गरिबीच्या कौतुकापोटी नव्हता. जे यंत्र स्थानिक कारागिराला उघडता येते, दुरुस्त करता येते, त्यावर त्याची सत्ता चालते, हा त्यातील आशय होता. चार चाकांची मोटार-ट्रॉली त्या विचाराचे चांगले उदाहरण आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर, कारण तो खुद्द ट्रॉलीमनचा आहे. मोटार आली की चौघांचे काम एकजण करील; उरलेल्या तिघांचे काय? या भीतीला मागासलेपणा म्हणणारा माणूस कामगारांच्या घरी कधी जेवलेला नसावा. रेल्वेतील नैमित्तिक मजुराला प्रकल्प संपताच घरी पाठविण्याची प्रथा किती निर्दय होती, आणि त्याला तात्पुरत्या कर्मचाऱ्याचा दर्जा मिळण्यासाठी १९८५ साली इंदरपाल यादव खटल्यात सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, हे तो विसरलेला नाही. ज्याच्या अनुभवात प्रत्येक सुधारणा कपातीचा हुकूम घेऊन आली, तो सुधारणेच्या स्वागताला हार घेऊन उभा कसा राहील?

परंतु भीती खरी असली तरी तिच्यातून निघणारा निष्कर्ष खरा असेलच असे नाही. यंत्र वेगळे आणि यंत्राचा भांडवली वापर वेगळा, हा भेद मार्क्सने दीडशे वर्षांपूर्वी करून ठेवला. माणसाने माणसाला ढकलत नेण्याची नोकरी टिकवावी अशी मागणी कामगार चळवळीने करणे म्हणजे हातरिक्षा अमर व्हावी अशी मागणी करणे होय. लढाई ट्रॉलीच्या एंजिनाशी नाही. ती आहे पदे गोठविणाऱ्या परिपत्रकाशी. टोळ्यांत जागा रिकाम्या आहेत, पाहणीचे काम वाढले आहे, पावसाळी गस्तीला माणूस अपुरा पडतो. ढकलण्यातून मोकळे झालेले तीन हात-जोड तेथे हवेच आहेत. मोटार-ट्रॉली आणि भरलेल्या टोळ्या या दोन्ही मागण्या एका श्वासात मांडल्या, तर पहिलीचा वापर दुसरीच्या विरुद्ध करणे प्रशासनाला जड जाईल. त्या वेगळ्या मांडल्या, तर दोन्ही हरतील.

काय मागावे?

तेव्हा रेल्वे कामगारांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी वारशाच्या या लाटेकडे तुच्छतेने पाहू नये. तिला प्रश्न विचारावेत आणि मागण्या घालाव्यात.

पहिली मागणी नोंदवहीची. प्रत्येक विभागात बाजूला काढलेल्या ट्रॉल्या आणि मोटार-ट्रॉल्या किती, कोणत्या अवस्थेत, त्यांतील अरुंद मापाला बसविण्याजोग्या किती, ही यादी जाहीर व्हावी. लिलावापूर्वी ती कामगार संघटनांना दाखविली जावी.

दुसरी मागणी कारखान्याची. रूपांतराचे काम कुर्डुवाडी आणि परळ यांसारख्या रेल्वेच्या स्वतःच्या कारखान्यांत, कायम कामगारांच्या हातून आणि शिकाऊ मुलांना सोबत घेऊन व्हावे. परळच्या कारखान्याने डोंगरी मार्गांसाठी नॅरोगेजची डिझेल एंजिने बांधली आहेत. त्याच कारखान्याच्या जमिनीवर नवे टर्मिनस उभारण्याचा घाट घातला गेला, तेव्हा कामगारांना निदर्शने करावी लागली. एकीकडे वारशाचे गोडवे आणि दुसरीकडे वारसा घडविणाऱ्या हातांखालची जमीन काढून घेणे, ही दुटप्पी नीती उघडी पाडलीच पाहिजे. प्रत्येक रूपांतराचे आराखडे आणि मोजमापे लिहून ठेवावीत, म्हणजे एक कारागीर निवृत्त झाला की एक विद्या संपली असे होणार नाही.

तिसरी मागणी पदांची. रूपांतरित वाहनामुळे एकही पद रद्द होणार नाही, मोकळे झालेले ट्रॉलीमन टोळीत कायम पदांवर घेतले जातील आणि मोटार-ट्रॉली चालविण्याचे शिक्षण प्रथम त्यांनाच मिळेल, असा लेखी करार काम सुरू होण्यापूर्वी व्हावा. जो आजवर मागे धावला त्याला चालकाच्या जागी बसण्याचा पहिला हक्क आहे.

चौथी मागणी वापराची. तयार झालेले वाहन सर्वप्रथम टोळीचे. हत्यारे, खडी, पिण्याचे पाणी, पावसाळी गस्त आणि जखमी माणसाला घाटाखाली नेणे, ही त्याची कामे. साहेबांची फेरी त्यानंतर आणि पाहुण्यांची सहल सर्वांत शेवटी. दोन ब्रेकांची चाचणी टोळीच्या मुकादमासमोर घेतल्यावाचून ते रुळावर येऊ नये.

पाचवी मागणी खर्चाच्या मानाने नगण्य, पण अर्थाने मोठी. जेथे जेथे जुनी ट्रॉली चौथऱ्यावर मांडली आहे, तेथे तेथे त्या विभागात रुळावर काम करताना मेलेल्या कर्मचाऱ्यांची नावे, गाव आणि साल यांसह कोरली जावीत. वाहन कोणत्या कंपनीने बांधले याची पाटी असते; ते कोणी ढकलले याची पाटी का असू नये?

या मागण्या मान्य होण्याजोग्या आहेत; त्यांत कुठलीही क्रांती दडलेली नाही. म्हणूनच त्या नाकारताना प्रशासनाला आपला खरा चेहरा दाखवावा लागेल. १९७४ च्या मे महिन्यात या देशातील रेल्वे कामगाराने चाके थांबवून दाखविली, तेव्हा सत्तेला कळले की चाक आपोआप फिरत नसते. त्या संपातून पुष्कळ गोष्टी हरल्या, पण हे एक सत्य हरले नाही. आज तेच सत्य चाक फिरते ठेवण्याच्या बाजूने सांगावयाचे आहे. रूळ, खडी, आस आणि ब्रेक यांची काळजी घेणारा माणूस जगला, शिकला आणि सन्मानाने कामावर राहिला, तर अरुंद रुळांचा तो लहानसा मार्गही जगेल. तो माणूस नाहीसा झाला, तर कितीही रंग दिला तरी उरेल ते रेल्वेचे कलेवर.

ट्रॉलीवरचा लाल बावटा नियमाप्रमाणे धोक्याची खूण आहे. येणाऱ्या गाडीला तो सांगतो, की पुढे रुळावर माणसे आहेत. जीर्णोद्धाराच्या प्रत्येक समारंभात, प्रत्येक अंदाजपत्रकात आणि प्रत्येक लिलावात हेच सांगणारा बावटा कुणीतरी हातात धरला पाहिजे.